हेमचंद्र सुळ्यांच्या अर्जाची मजबुती

माणूस आधी की अर्ज आधी, या प्रश्नावर सुधारलेल्या जगात आता वाद उरलेला नाही. अर्ज आधी. माणूस नंतर येतो, आणि तोही अर्ज मंजूर झाला तर. माणसाला पडसे होते, भलत्या वेळी जांभई येते, समोरच्याचे पागोटे पाहून हसू येते. अर्जाला यातले काही होत नाही. तो एकाच वेळी पाच जणांपुढे नम्रपणे उभा राहू शकतो. (पाच जणांपुढे एकाच वेळी नम्र राहणे बडोद्यात जिवंत माणसाला साधलेले नाही, कारण त्या पाचांतले दोघे तरी एकमेकांशी बोलत नसतात.)

बडोद्याला हे तत्त्व फार लवकर उमगले, याचे श्रेय त्या शहराला दिलेच पाहिजे. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत हुशार मुलांना शिकायला परदेशी धाडण्याची चाल पडली, तेव्हा गावातल्या काही धनिकांनाही वाटू लागले की आपणही कोणाला तरी धाडावे. त्यांनी वर्गणी जमवून ‘परदेश-विद्या उत्तेजक मंडळी’ नावाची संस्था काढली. मंडळी दरसाल एका पदवीधराला वरच्या शिक्षणासाठी विलायतेला पाठवी आणि बाकीच्यांना घरी पाठवी. यातले दुसरे काम ती अधिक नेमाने करी, असे जाणकार सांगतात.

घरी पाठवलेल्यांत एका वर्षी रावपुऱ्यातला हेमचंद्र सुळे होता.

हेमचंद्राचे वडील विश्वासराव सरकारी वसुलाच्या कचेरीत जन्म काढून पेन्शनीत निघालेले. आई इंदिराबाई. मुलगा पदवीधर, निर्व्यसनी, दिसायला बरा. पण त्याचे एका गोष्टीवर प्रेम बसले होते आणि ती गोष्ट म्हणजे गव्हातला सोंड्या. पुढे सोंड असलेला तो काळसर किडा सर्वांनी पाहिलेला आहे. लोक तो सुपातून पाखडून टाकतात. हेमचंद्र तो वेचून बाटलीत भरी, बाटलीला चिठ्ठी लावी आणि तासन्‌तास भिंगातून त्याच्याकडे बघत बसे. “शेजारणी म्हणतात, इंदिराबाई, तुमच्या घरात किडा पडलाय. मी म्हणते, पडलेला नाही बाई, पाळलेला आहे,” असे इंदिराबाई सांगत. त्यात तक्रार किती आणि कौतुक किती, ते त्यांनाही सांगता आले नसते.

हेमचंद्राला एकच प्रश्न पडला होता. बडोद्यात घरोघर वर्षाचे गहू भरताना त्यांना दिवेल, म्हणजे एरंडेल, चोळतात. त्याने किडा मरतो. पण कोठीच्या अगदी तळाशी काही सोंडे जगतात आणि पावसाळ्यानंतर पुन्हा सगळी कोठी ताब्यात घेतात. तेल तेच, गहू तेच. मग वरचे मरतात आणि तळाचे का जगतात? याचे उत्तर शोधायला चांगले सूक्ष्मदर्शक यंत्र आणि ते चालवायला शिकवणारा गुरू हवा होता. दोन्ही विलायतेला होते. त्याने हे सगळे एका पानात लिहून मंडळीकडे धाडले.

उत्तर आले. “अर्ज वाचला. सदरहू अर्जदारास किड्यांपलीकडे दृष्टी असल्याचे आढळत नाही. सबब नामंजूर. इच्छा असल्यास अर्ज मजबूत करून पुढील साली पाठवावा.”

हेमचंद्राला फार वाईट वाटले. मंडळीच्या नियमाप्रमाणे अर्जदार पंचविशीच्या आतला हवा होता, आणि त्याच्यापुढे आता एकच साल उरले होते. तेही हुकले की कुठल्या तरी कचेरीत चिकटायचे, आणि सोंड्यांची गाठ जेवणाच्या ताटात पडेल तेवढीच. दोन जेवणे त्याने नीट घेतली नाहीत. तिसऱ्या जेवणाला तो म्हणाला, “नाना, मी असं करतो. वर्षभर आणखी प्रयोग करतो, चांगली टिपणं काढतो, आणि मग नीट समजावून लिहितो.”

विश्वासरावांनी वाटी खाली ठेवली. “अरे वेड्या, त्यांनी अर्ज मजबूत कर म्हटलंय. अभ्यास मजबूत कर असं कुठं म्हटलंय?”

कागदात तसे खरेच कुठे म्हटलेले नव्हते.

अर्ज मजबूत करायचा तर तज्ज्ञाला गाठले पाहिजे, म्हणून बापलेक धनाजीरावांकडे गेले. धनाजीराव हे अर्जविद्येतले मोठे नाव. त्यांचा स्वतःचा अर्ज मंडळीने इतक्या वेळा फेटाळला होता की नामंजुरीचा एवढा दांडगा अनुभव गावात दुसऱ्या कोणाला नव्हता. ज्याचा अर्ज मंजूर झाला अशा माणसाचा सल्ला काय कामाचा? त्याने अर्ज केला किती वेळा, तर एकदा. हा विचार पटण्यासारखा असल्यामुळे धनाजीरावांच्या ओसरीवर नेहमी गर्दी असे.

धनाजीरावांनी हेमचंद्राचे एक पान चिमटीत धरून उजेडात पाहिले.

“पारदर्शक आहे,” ते म्हणाले.

“म्हणजे चांगलं ना?” हेमचंद्राने विचारले.

“अर्जाला नाही फावत, भाई. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत सगळं कळतं. मग त्याला वाटतं, यात काही नाही. तुम्ही एकांगी आहात, सुळे. सर्वांगी व्हा. व्यायाम, वक्तृत्व, नेतृत्व, परोपकार, आणि वरून मातब्बरांची शिफारस. एवढं झालं की किड्याचा उल्लेख राहिला तरी कोणाच्या डोळ्यावर येणार नाही.”

दुसऱ्या दिवसापासून मजबुतीला आरंभ झाला.

व्यायामाखाली हेमचंद्र आखाड्यात जाऊन मल्लखांबावर चढला. चढणे जमले. उतरण्याचा अभ्यासक्रम पुढच्या महिन्यात होता, त्यामुळे बराच वेळ तो वरच होता, आणि तेवढ्यात फोटोग्राफरने काम उरकून घेतले. फोटोत अर्जदार मल्लखांबाला घट्ट बिलगलेला दिसतो. धनाजीरावांनी त्याखाली ‘एक अवघड आसन’ असे लिहायला सांगितले, आणि ते खोटे म्हणता येणार नाही.

वक्तृत्वाखाली त्याने ‘एकी’ या विषयावर भाषण केले. भाषण झाल्यावर श्रोत्यांत दोन तट पडले.

नेतृत्वाचे जरा जड गेले. नेतृत्व सिद्ध करायला अध्यक्षपद लागते, आणि रावपुऱ्यात तेव्हा जेवढे सुशिक्षित तरुण होते त्यांच्या दीडपट अध्यक्षपदे असून एकही रिकामे नव्हते. सबब हेमचंद्राने नवी संस्था काढली, ‘तरुण धान्यसंरक्षक समाज’. माणसे लगेच जमली. पण येणाऱ्या प्रत्येकाला स्वतःचा अर्ज मजबूत करायचा असल्याने कोणी उपाध्यक्ष झाला, कोणी चिटणीस, कोणी जोड-चिटणीस, कोणी खजिनदार (खजिना नव्हता, त्यामुळे हिशेब अतिशय चोख राहिला). साधा सभासद म्हणून कोणी मिळेना. शेवटी विश्वासरावांनी मुलासाठी मान खाली घालून सभासदत्व पत्करले, आणि सगळे पदाधिकारी आळीपाळीने त्यांचे नेतृत्व करू लागले. समाजाच्या सगळ्या सभांत मिळून एकच ठराव झाला. तो पुढची सभा भरवण्याचा होता.

परोपकारासाठी समा गाव सोयीचे पडे. टांगा थेट जाई आणि उपकार करून माणूस जेवायला घरी येई. हेमचंद्र तिथे एखाद्या निरक्षर माणसाला साक्षर करायला गेला, तेव्हा त्याला कळले की गावातले निरक्षर इतर अर्जदारांनी आधीच वाटून घेतले आहेत. एक म्हातारी तेवढी थोडी मोकळी होती. तिला आजवर तिघा पदवीधरांनी मुळाक्षरापासून शिकवले होते, आणि ‘मला लिहिता वाचता येत नाही’ एवढे ती सुरेख अक्षरात स्वतः लिहून देई.

“सोमवारे नहीं फावे, भाई,” ती म्हणाली. “सोमवारे बीजा साहेब आवे छे.”

सोमवारी तिच्याकडे दुसरे साहेब येत होते. हेमचंद्राला गुरुवार मिळाला. पहिल्याच गुरुवारी त्याने ‘क’ काढून दाखवला. म्हातारीने तो पाहिला आणि तुमचा ‘क’ जरा वाकडा येतो, असे माया करून सांगितले.

या सगळ्यात महिने गेले. एके दिवशी दुपारी हेमचंद्र घामाघूम होऊन घरी आला आणि एकदम त्याच्या ध्यानात आले की आपण कित्येक दिवसांत बाटल्यांकडे फिरकलेलो नाही. तो धावत मागच्या खोलीत गेला. बाटल्या पुसून ओळीने मांडलेल्या होत्या. आत सोंडे चालत होते.

“गहू बदलले मी,” इंदिराबाई आतून म्हणाल्या. “तुला कुठं सवड आहे? मुकी जनावरं उपाशी ठेवू का?”

हेमचंद्राला तिथेच बसून भिंग हातात घ्यावेसे वाटले. त्याने ते उचललेही. पण बाहेरून विश्वासरावांची हाक आली: आज मानसिंगरावांकडे जायचे होते.

इथे शिफारसपत्राविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. बडोद्याच्या जुन्या सरदार-मानकऱ्यांत पत्र देण्याची एक ठरीव रीत होती. पत्राचे वजन लिहिणाऱ्याच्या वजनाइतकेच असते, हे उघड आहे. सबब लिहिणाऱ्याने आधी स्वतःचे वजन करून दाखवायचे. प्रथम घराणे, मग पणजोबांनी गाजवलेली लढाई, आजोबांना मिळालेला मान, वडिलांची दरबारातली जागा, मग स्वतःची कामगिरी. ज्याची शिफारस करायची त्याचे नाव सर्वांत शेवटी, जागा उरल्यास. या रीतीत कोणाला काही वावगे वाटत नसे, आणि अजूनही वाटत नाही.

मानसिंगराव साठीच्या आसपासचे, भरघोस मिशांचे. त्यांनी हेमचंद्राला वरपासून खालपर्यंत पाहिले.

“विश्वासरावांचा का? ये, ये. काय, नोकरी पाहिजे?”

“नाही, रावसाहेब. शिफारसपत्र. किड्यांचा अभ्यास करायला विलायतेला जायचंय.”

“किड्यांचा?” मानसिंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. “आम्ही वाघ मारलाय.”

“हो, रावसाहेब.”

“तेही लिहू.”

ते त्यांनी लिहिले. पत्र बावीस पानी झाले. वाघ चौथ्या पानावर उठला आणि नवव्या पानावर पडला. मध्ये हत्ती होते, घोडे होते, पणजोबांच्या छातीवरचे वार होते, आणि अखेरीस, “सदरहू गुणांची कदर व्हावी. पत्र आणणारा मुलगा ओळखीचा आहे,” असा समारोप होता.

एका सरदाराचे पत्र घेतल्यावर दुसऱ्याचे न घेणे हा अपमान होतो. सबब उदयसिंहरावांकडे जाणे आले. मानसिंगराव आणि उदयसिंहराव यांच्यात दरबारात कोणी वर बसायचे यावरून दोन पिढ्यांचे वाकडे होते. दोघेही वरच बसत, आणि एकमेकांकडे पाठ करून बसत. उदयसिंहरावांनी पत्र दिले, तेही तेवढ्याच पानांचे, त्यातही वाघ होता (अर्धा हात लांब जास्त). पण देताना ते म्हणाले, “मानसिंगचं पत्र माझ्या पत्राच्या वर लागलेलं दिसलं, तर मी येऊन अर्ज फाडीन. तुमचा म्हणून नव्हे. माझ्या आजोबांचा अपमान झाला म्हणून.” हे मानसिंगरावांच्या कानावर गेले, आणि त्यांनीही तसाच निरोप धाडला.

आता काय करावे? एक वर म्हटले की दुसरे खाली आले. पत्रे शेजारी-शेजारी लावावीत, तर उजवी बाजू मानाची. धनाजीरावांनीही हात टेकले; त्यांच्या नामंजुऱ्यांत असा प्रसंग आला नव्हता. हेमचंद्र हळूच म्हणाला, “दोन्ही पत्रं राहू देत ना नाना. माझा कागद तेवढा पाठवू.” त्याच्याकडे कोणी लक्ष दिले नाही.

तोड काढली ती विश्वासरावांनी. वसुलाच्या कचेरीत जन्म गेला तो फुकट गेला नव्हता. त्यांनी अर्ज बुक-बाइंडरकडून असा बांधून घेतला की त्याला मागली बाजू नाही. दोन्हीकडे सारखेच लाल कापडी पुठ्ठे. एका बाजूने उघडला की पहिले पत्र मानसिंगरावांचे. उलटा करून दुसऱ्या बाजूने उघडला की पहिले पत्र उदयसिंहरावांचे. त्यांच्यामागे दोन्हीकडून मल्लखांब, एकी, समाजाचे सगळे पदाधिकारी, समाच्या म्हातारीने स्वहस्ते दिलेला निरक्षरतेचा दाखला. दोन्ही सरदारांना ही पोथी दाखवली. प्रत्येकाने आपल्या बाजूने उघडून पाहिली आणि दोघेही प्रसन्न झाले.

“नाना,” हेमचंद्राने विचारले, “माझा कागद कुठंय?”

“मधोमध,” विश्वासराव म्हणाले. “अगदी सुरक्षित. दोन्हीकडून सरदार आहेत.”

मंडळीची निवड-सभा भरली. सभेचा वृत्तांत पुढे छापून निघाला, म्हणून तिथे काय झाले ते अधिकृतपणे सांगता येते. अध्यक्षांनी पोथी पुढ्यात घेऊन उघडली आणि मानसिंगरावांचे पत्र मोठ्याने वाचायला घेतले. नवव्या पानावर वाघ पडताच सभेने टाळ्या वाजवल्या. बाराव्या पानावर चहा आला. चहानंतर टेबलापलीकडच्या उपाध्यक्षांनी पोथी ओढून घेतली, ती त्यांच्याकडे जाताना उलटली, आणि त्यांनी उदयसिंहरावांचे पत्र वाचायला घेतले. त्यांनाही चांगला उमेदवार सापडल्याचे समाधान झाले. मधोमध कोणी पोचले नाही. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. तीनशे पानांच्या मध्यावर पोचायला कोणत्याही बाजूने दीडशे पाने लागतात.

मग सभेत वाद माजला. अर्ध्यांच्या मते अर्जदार मानसिंगराव होते, अर्ध्यांच्या मते उदयसिंहराव, आणि आपला उमेदवार सरस असे प्रत्येकजण शपथेवर सांगत होता. संध्याकाळी पुढील ठराव एकमताने पास झाला:

“यंदाचा अर्ज मंडळीच्या स्थापनेपासून आलेल्या सर्व अर्जांत मजबूत आहे. कलम एक: सरदार मानसिंगराव यांची वरच्या शिक्षणासाठी विलायतेस निवड करण्यात येत आहे. कलम दोन: अर्जदाराचे वय अर्जात आढळले नाही. सबब ते पंचविशीच्या आत आहे असे धरण्यात येत आहे. कलम तीन: अर्जदाराचा वाघ, हत्ती व घोडे यांच्याशी असलेला निकट संबंध पाहता त्यांनी प्राणिशास्त्र शिकावे. कलम चार: सरदार उदयसिंहराव यांस मंडळीचे कायम आश्रयदाते करण्यात येत असून त्यांची खुर्ची अध्यक्षांच्याही वर ठेवावी.”

ठराव घेऊन माणूस मानसिंगरावांकडे गेला. आपण अर्ज केल्याचे त्यांना आठवेना. पण नातवंडे खेळवायच्या वयात राज्याला आपल्या बुद्धीची आठवण झाली, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. “उशीर झाला,” ते म्हणाले, “पण कदर झाली.”

सुळ्यांच्या घरात मात्र सुतक पडल्यासारखे झाले. हेमचंद्र मागच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पुढल्या साली तो पंचविशीपार जात होता. विश्वासरावांना त्याच्याजवळ जाण्याचा धीर होईना. ते दारातूनच म्हणाले, “चुकलं माझं, हेमू. तुझं पान वर ठेवायला हवं होतं.” जन्मभरात त्यांनी चूक कबूल केल्याचा हा पहिलाच प्रसंग असल्यामुळे हेमचंद्र स्वतःचे दुःख विसरून दचकून उठला.

चार दिवसांनी मानसिंगरावांचा निरोप आला. सरदार एकटे परदेशी जात नाहीत. आचारी ठरला होता, हुक्का भरणारा ठरला होता. इंग्रजी वाचणारा एक माणूस कमी होता. विश्वासरावांचा मुलगा येईल का?

“हुजऱ्या म्हणून जाणार तू?” विश्वासराव कळवळून म्हणाले. “पदवीधर मुलगा?”

“नाना,” हेमचंद्र म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी त्याचा चेहरा उजळला होता, “तिथं सूक्ष्मदर्शक आहे. मला काय म्हणून आत घेतलं ते सोंड्याला थोडंच कळणार आहे?”

इंदिराबाईंनी बाटल्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या.

विलायतेत मानसिंगराव पहिल्या व्याख्यानाला गेले. बाके अरुंद, गारठा कडक, आणि प्राध्यापक उभा असताना विद्यार्थी बसलेले, हे सगळेच त्यांना चमत्कारिक वाटले. दुसऱ्या दिवशी त्यांनी दरबारी रीत लागू केली. मानकऱ्याला स्वतः जाणे फावत नसेल तर त्याने आपले पागोटे तबकात घालून पाठवावे, म्हणजे तो हजर धरला जातो. त्याप्रमाणे पागोटे रोज पहिल्या बाकावर बसे आणि त्याच्याजवळ ते सांभाळायला हेमचंद्र बसे. हजेरीत मानसिंगरावांचे नाव आले की हेमचंद्र पागोट्याकडे बोट दाखवी. प्राध्यापक भला माणूस होता. हिंदुस्थानातली ही जुनी धार्मिक समजूत असावी असे धरून तो पागोट्याला किंचित मान लववून पुढे जाई. पागोट्याने वर्षभरात एकही तास चुकवला नाही. अशी हजेरी त्या वर्गात दुसऱ्या कोणाचीच नव्हती.

आणि हेमचंद्र? तो सुखात होता. सकाळी हुक्क्याचे सामान आणून द्यायचे, सरदारांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, की बाकीचा दिवस त्याचा. प्रयोगशाळेत त्याने बडोद्याचे सोंडे बडोद्याच्या गव्हात ठेवले, दिवेल चोळले, काचेच्या नळ्यांत तळ आणि वर असे थर लावले. प्राध्यापक त्याच्या खांद्यावरून वाकून बघू लागला, मग स्वतः खुर्ची ओढून शेजारी बसू लागला. परीक्षेची उत्तरे हेमचंद्राने लिहिली आणि त्यांवर सही मानसिंगरावांनी केली. कागद कारकुनाने लिहावा आणि सही साहेबाने करावी, ही पद्धत सर्व सुधारलेल्या कचेऱ्यांत असल्यामुळे दोघांपैकी कोणालाच त्यात चोरी वाटली नाही. मानसिंगराव पहिल्या वर्गात आले.

बडोद्याच्या स्टेशनवर बँड होता. पदवीधर मानसिंगरावांची मिरवणूक सुरसागर तलावावरून गेली, रस्त्यात ठिकठिकाणी हार पडले, आणि उदयसिंहरावांनी उंच खुर्चीवरून अभिनंदनाचे भाषण केले. उत्तरादाखल मानसिंगरावांनी किडा हा मनुष्याचा शत्रू असून त्याच्याशी समोरासमोर लढावे असा संदेश दिला. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेतलेल्या हमालामागून हेमचंद्र ‘जरा सांभाळून, भाई’ असे म्हणत म्हणत बाजूच्या गल्लीने घरी गेला.

इंदिराबाई गहू निवडत बसल्या होत्या. तो त्यांच्या शेजारी टेकला आणि त्याने तळाचा सोंड्या का मरत नाही ते सांगितले. त्यांनी हातातले थांबवून सगळे ऐकून घेतले. “अग बाई! असं होय!” त्या म्हणाल्या, आणि त्याच आठवड्यात त्यांनी कोठी भरण्याची तऱ्हा बदलली. सुळ्यांच्या गव्हाला पुन्हा किडा लागला नाही.

हेमचंद्र पुढे एका शाळेत शिकवू लागला. त्याच्याकडे सकाळ-संध्याकाळ माणसे येतात. येणाऱ्याच्या हातात मुलाचा अर्ज असतो आणि त्याला मानसिंगरावांचे पत्र हवे असते. हेमचंद्र ते मिळवून देतो, चहा पाजतो आणि दारापर्यंत पोचवायला जातो. कधीमधी तो आपल्या नळ्यांकडे नजर टाकून म्हणतो, “ते गव्हाचं मात्र मला कळलं बरं का,” आणि जरा थांबतो. पाहुणा घाईत असतो.

ही हकिकत बडोद्यात पुष्कळ ठिकाणी सांगून झाली आहे. ऐकणारे पोट धरधरून हसतात, पागोट्याची हजेरी पुन्हा सांगायला लावतात, मंडळीच्या मूर्खपणाला नावे ठेवतात आणि शेवटी कळवळून विचारतात की बिचाऱ्या हेमचंद्राला पुढे पदवी मिळाली की नाही. तळाचा सोंड्या का जगतो, हे आजवर एकानेही विचारलेले नाही. उत्तर साधे आहे, दोन ओळींचे आहे, आणि ते याच ठिकाणी द्यायचे म्हणून काढून ठेवले होते. पण इंदिराबाईंनी ते ऐकले आणि तुम्हाला ऐकवले गेले नाही, तेव्हा वाचकहो, तुम्ही तरी कुठे अडलात? पुढे सरकलात, पदवीचे काय झाले ते बघायला. सबब उत्तर देण्याचे रहित केले आहे. पावसाळा सरला की कोठी उघडून गहू निवडायला बसा.